दुपारचे ४५ छापता, पहाटेचे ३० पण छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे लागला की आपल्या पेपरच्या पहिल्या पानावर रोज एक मोठा आकडा असतो, ४४.६, ४५.१ वगैरे, आणि अख्खं नागपूर सकाळी पेपर उघडून आधी तोच बघतं. माझं पत्र त्या आकड्याबद्दलच आहे. तो जरूर छापा, पण तो असतो दुपारी तीनच्या आसपासचा, आणि ज्याला शक्य आहे तो माणूस त्या वेळी कूलरपुढे असतो. रात्री पारा किती उतरला आणि पहाटे हवेत दमटपणा किती होता हे आकडे आतल्या पानावर बारीक चौकटीत असतात, कधी कधी तर नसतातच, आणि पहाटे घराबाहेर पडणाऱ्यांना नेमके तेच लागतात.

मी नोकरी करते, चाळिशी उलटली आहे, पळते ते हौस म्हणून. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉन करायची ठरवली आहे, यवतेश्वरचा घाट चढून जायचा आणि उतरून यायचं, एकवीस किलोमीटर. ती पावसाळ्यात असते, हवा गार असते, पण तयारी सुरू होते मे मधे, आणि नागपूरचा मे काय असतो ते आपल्याला सांगायला नको. आमच्या ओळखीतले काही जण दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सची तयारी करतात, डर्बन आणि पीटरमारित्झबर्गच्या मधली जवळपास नव्वद किलोमीटरची रेस, बारा तासांत संपवायची, ती असते जूनमधे म्हणजे त्यांचे सगळ्यात लांबचे रन एप्रिल-मे मधेच येतात. म्हणून "दोन महिने बंद ठेवा ना पळणं" असं सगळे म्हणतात ते प्रत्येकाला जमण्यातलं नाही, आणि माझ्या मते गरजेचंही नाही, फक्त कधी, किती आणि कशाच्या आधारावर पळायचं ते कळलं पाहिजे.

एक साधा आठवडा सांगते म्हणजे मी काय मागतेय ते लक्षात येईल.

सोमवार सुट्टीचा. सुट्टी म्हणजे झोप, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. रात्रीचा पारा २६-२७ पर्यंत उतरला तर अंग निवतं, झोप लागते. तोच ३०-३१ ला अडकला की गच्ची, भिंती सगळं रात्री एक वाजेपर्यंत तापलेलंच, त्यात लाइट गेली तर बघायलाच नको. अशा दोन-तीन रात्री लागोपाठ गेल्या की सकाळी उठल्या उठल्याच नाडी नेहमीपेक्षा जास्त लागते, आणि त्या दिवशी कितीही ठरवलं तरी पाय उचलत नाहीत. हवामान खात्याकडे यासाठी 'उष्ण रात्र' अशी वेगळी नोंद आहे, दिवसाचा पारा ४० च्या वर असेल आणि रात्रीचा पारा सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वर राहिला तर ती उष्ण रात्र. पण ही बातमी पहिल्या पानावर मी फार क्वचित वाचली आहे. दुपार ४५ असो की ४३, माझ्या मंगळवारच्या रनला फारसा फरक पडत नाही. रात्र २७ ची होती की ३१ ची याने सगळा फरक पडतो.

मंगळवारी सोपं पळणं, फुटाळा तलावाकडून तेलंगखेडीच्या बाजूने वळून परत, पहाटे पावणेपाचला सुरू. मे मधे इथे सूर्योदय साधारण साडेपाचच्या जरा नंतर होतो आणि दिवसभरातली सगळ्यात गार वेळ त्याच्या अगदी आधीची असते. सात वाजता निघणाऱ्यांना वाटतं सकाळच तर आहे, पण तेव्हा ऊन अंगावर आलेलं असतं. संध्याकाळचं तर मी सगळ्यांना सांगते की नका करू, सूर्य मावळतो पावणेसातला पण डांबर आणि काँक्रीट दिवसभर प्यायलेली उष्णता तेव्हा बाहेर टाकत असतं, आठ वाजतासुद्धा खालून झळ लागते. आणि वेग? घड्याळातला वेग उन्हाळ्यात बघायचाच नाही, नाडी बघायची, बोलता बोलता पळता येतंय का ते बघायचं. हिवाळ्यात ज्या दमात सात मिनिटांत किलोमीटर होतो त्याला आता पावणेआठ लागले तर ते बरोबरच आहे, कारण रक्त पायांनाही द्यायचंय आणि कातडीकडेही पाठवायचंय, हृदय तेच एक. महिलांसाठी अजून एक गोष्ट, पाळी येण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत शरीराचं तापमान मुळातच थोडं वर असतं, अर्ध्या अंशापर्यंत, त्या दिवसांत तोच रस्ता जास्त गरम वाटतो. हे आमच्यात कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पळून आलं की वजन करायचं, जायच्या आधी आणि आल्यावर, घाम पुसून. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरायला लागलं की समजायचं पाणी कमी पडतंय. नागपूरच्या मे मधे घाम दिसतच नाही, कातडीवर येतो न येतो तोच उडून जातो, माणसाला वाटतं मला काही घाम येत नाही बुवा, आणि टीशर्ट वाळल्यावर पाठीवर मिठाची पांढरी नक्षी निघते.

आता मुख्य मुद्दा, त्यासाठी नागपूरकराला कूलरचंच उदाहरण पुरेल. ताटीवर पाणी पडतं, पंखा हवा ओढतो, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं म्हणून हवा गार होते. मे मधे बाहेर ४५ असलं तरी कूलर खोली गार करतो कारण हवा कोरडी असते. आणि जून लागला, ढग जमले, की तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा, पण खोलीत नुसता चिकचिकाट. घामाचं अगदी हेच आहे. पळताना आपण जी ऊर्जा खर्च करतो तिचा चौथा-पाचवा हिस्साच चालना द्यायला कामी येतो, बाकीची उष्णता होते, ती बाहेर काढायचा सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे घाम उडणं, आणि हवेतच पाणी भरलेलं असेल तर घाम उडत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातं.

म्हणून होतं काय की जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेपरचा मोठा आकडा ४५ वरून ३८ वर येतो, बातमी येते 'नागपूरकरांना दिलासा', आमचे ग्रुपवाले खूश, लगेच लांबचे रन लावतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात लोकांना गरगरतं, उलट्या होतात, पायात गोळे येतात. पहाटे ३० अंश आणि दमटपणा ७५ टक्के ही सकाळ मे मधल्या ३० अंश आणि ३५ टक्क्यांच्या सकाळीपेक्षा शरीराला किती तरी जड आहे. पण पेपर वाचणाऱ्याला दोन्ही दिवस कळतात ते दुपारच्या आकड्यावरून, आणि तो आकडा उलटंच सांगतो.

जगभरात रेस घेणारे वेट बल्ब ग्लोब नावाचं माप वापरतात, त्यात ओल्या फडक्याच्या थर्मामीटरला, म्हणजे ज्यात हवेचा दमटपणा कळतो त्याला, ७० टक्के वजन असतं, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० आणि आपल्या नेहमीच्या पाऱ्याला फक्त १०. म्हणजे ज्या आकड्यावर आपली सगळी बातमी उभी असते त्याला तिथे दहाच टक्के! २०१९ च्या दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन ऊन टाळायला रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू केली, पारा बत्तीसच्या आसपास होता फक्त, पण दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर, आणि सुरुवात केलेल्या ६८ पैकी ४० जणीच शेवटपर्यंत पोचल्या. जगातल्या उत्तम धावपटू होत्या त्या. बत्तीस अंश आपण तर पंख्याखाली काढतो.

बुधवारी मी पळत नाही, घरीच व्यायाम, बैठका, पोटरीचे, पोटाचे. गुरुवारी सेमिनरी हिल्सचा चढ, तिथे झाडी आहे, बाकीच्या शहरापेक्षा पहाटे तिथे खरंच बरं वाटतं, चढावर छोटे छोटे तुकडे पळायचे आणि चालत उतरायचं. सिमेंटचे रस्ते वाढताना आपली किती झाडं गेली याचा हिशोब कोणी वेगळा सांगायची गरज नाही, सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून निघून उघड्या सिमेंट रस्त्यावर आलं की फरक अंगालाच कळतो. शुक्रवारी नुसतं चालणं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण आमच्यात सगळ्यात जास्त गोंधळ यातच आहे. घरी पन्हं होतं, मठ्ठा होतो, टरबूज असतं, ते सगळं चांगलंच आहे, पळून आल्यावर मिठाचं पन्हं तर मला फार आवडतं. पण एक तासाच्या वर पळायचं असेल तर ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यातच टाकायचं, अर्धं पाकीट अंदाजाने छोट्या बाटलीत असं करायचं नाही, त्याचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानात ओआरएस नाव लावून जी गोड पेयं मिळायची ती वेगळी, ऑक्टोबर २०२५ मधे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला बंदी केली, फार बरं केलं. आणि उलटी बाजूही आहे, नुसतं साधं पाणी ढसाढसा पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, हळू पळणाऱ्यांना हा धोका जास्त कारण ते जास्त वेळ रस्त्यावर असतात आणि रेसमधे पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून पितात. तहानेप्रमाणे प्यायचं. पळायच्या आधी दुखण्याची गोळी घेणारे बरेच जण आहेत, त्यांना कळकळीने सांगते की नका घेऊ, पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या किडनीवर ताण देतात. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, त्याने काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नका. त्यापेक्षा ओला दुपट्टा मानेभोवती गुंडाळा, कोरड्या मे मधे त्याने खरंच गार वाटतं.

शनिवारी हलकंच, आणि रविवार लांबचा. लांबच्या रनला मी सव्वाचारला निघते आणि सरळ लांब जात नाही, घराजवळचीच छोटी फेरी पुन्हा पुन्हा मारते, म्हणजे पाणी एकाच जागी ठेवता येतं आणि त्रास झाला तर घर कधीच लांब नसतं. या वेळी बाई एकटी रस्त्यावर असते तेव्हा उजेड, कुत्री, गाड्या हे सगळे प्रश्न असतात. बागांची फाटकं उन्हाळ्यात तरी चार-सव्वाचारला उघडावीत आणि आतले दिवे व पिण्याच्या पाण्याचे नळ सुरू ठेवावेत ही विनंती मी इथेच करून ठेवते, झाडाखालची मोकळी जागा आपल्याकडे आहे ती कुलपात कशाला ठेवायची.

सवयीबद्दलही लोकांना माहिती नसते. शरीर उष्णतेला जुळवून घेतं, दहा ते चौदा दिवस लागतात, रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुरू होतो आणि त्यात मीठ कमी जातं. पण हे रोज थोडं थोडं गरमीत गेल्यानेच होतं आणि दोन-तीन आठवडे सोडलं की जातंही. सुट्टीत पुण्या-बंगलोरहून घरी आलेली तरुण मुलं दुसऱ्याच दिवशी अंबाझरीला जोरात पळायला येतात ना, त्यांची मला खरी काळजी वाटते. फिटनेस असतो त्यांच्याकडे, पण इथली सवय नसते.

आणि आता रेसवाल्यांबद्दल. १ मे ला महाराष्ट्र दिनाची दौड, ५ जूनला पर्यावरण दिनाची दौड, उद्देश चांगलाच असतो त्यात शंका नाही. पण पत्रिकेवर सकाळी सहा आणि प्रत्यक्षात पाहुणे येणार, सत्कार होणार, भाषण होणार, मग झेंडा, तोपर्यंत सव्वासात. शाळेची मुलं तासभर उन्हात रांगेत उभी, मग पळायला सुरुवात. मी अशा दौडीत हे स्वतः बघितलं आहे, कोणाचं नाव घेत नाही कारण प्रश्न एकाचा नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला मोकळ्या मैदानात कार्यक्रमाला बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला, बसलेल्या माणसांचा, आणि तिथला पारा काही आपल्यासारखा ४५ ला नव्हता. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उन्हामुळे उचलून सप्पोरोला नेली, तिथेही २०२१ मधे महिलांची शर्यत आदल्या रात्री ठरवून एक तास अलीकडे आणली. ऑलिंपिकवाले सातची रेस सहाला आणू शकतात तर आपल्याला पाहुण्यांचा सत्कार शेवटी ठेवायला काय हरकत आहे.

प्रत्येक रेसला बर्फ आणि मोठा टब असलाच पाहिजे. पळणारा माणूस वाकडा तिकडा चालायला लागला, बरळायला लागला, चिडचिड करायला लागला, विचारलेल्याचं भलतंच उत्तर द्यायला लागला तर तो उष्माघात समजायचा, अंगाला घाम असला तरी. घाम थांबतो तेव्हाच उष्माघात असा समज पळणाऱ्यांच्या बाबतीत धोक्याचा आहे. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि हातात मिनिटं असतात. १०८ ला फोन लावायचाच, पण गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, आधी थंड करायचं, टब असेल तर बर्फाच्या पाण्यात बसवायचं, डोकं बाहेर धरून, नसेल तर ओल्या चादरी, वारा, मान-काख-जांघेत बर्फ. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. ही माहिती आपण मे मधे आठवड्यातून एकदा जरी चौकटीत छापली तरी कोणाचा तरी जीव वाचेल.

हे सगळं फक्त आम्हा पळणाऱ्यांसाठी मागते असं समजू नका. पहाटे साडेचारला रस्त्यावर मला भेटतात ते आपलाच पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, भाजी घेऊन निघालेले, झाडू घेऊन आलेल्या सफाईच्या ताई. त्यातल्या एक ताई मला म्हणाल्या, "मॅडम, दुपारचं ऊन आम्ही डोकं बांधून काढतो, पण रात्री घरात झोप नाही ना, सकाळी हातच उचलत नाही." त्यांच्या घरी टिनाचं छत आहे. त्यांच्यासाठी रात्रीचा आकडा हीच खरी बातमी आहे, आणि मुकादमाला ती पेपरात दिसली तर कामाची वेळ पुढे-मागे करायला काही तरी आधार मिळेल.

मे २०२४ मधे नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश आले होते, देशभर बातम्या झाल्या, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमधे बिघाड होता. तेव्हा एका चुकीच्या दुपारच्या आकड्यावर आपण सगळे दोन दिवस बोलत होतो. त्याच आठवड्यातल्या रात्री कशा गेल्या यावर मी कुठे वाचलं नाही.

म्हणून मागणी इतकीच. पहिल्या पानावर कमाल पाऱ्याच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात, रात्रीचा किमान पारा आणि तो सरासरीपेक्षा किती वर होता ते द्या. त्याच्या खाली सकाळी साडेआठची आर्द्रता द्या, ती हवामान खातं रोज देतं, संध्याकाळी साडेपाचचीही देतं, नवीन काही मोजायला नको. जमलं तर सूर्योदयाची वेळ. चार आकडे, दोन ओळी जागा. आणि 'दिलासा' हा शब्द दमटपणा बघितल्याशिवाय मथळ्यात घालू नका अशी आपल्या संपादकीय विभागाला हात जोडून विनंती. नवतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले मानले जाणारे नऊ दिवस, २५ मे ला लागतो, त्याच्या आत सुरू झालं तर यंदाच उपयोग होईल, कारण जूनचे ते चिकचिकाटाचे आठवडे त्याच्या मागोमागच येतात.

आपली नियमित वाचक,
एक हौशी धावपटू, नागपूर